अक्काचा उजवा खांदा

शेजारच्या सुलभाचा फोन सकाळी आला. "ताई, बाई गेल्या ओ... चहा ठेवलानी होता, तो उकळून आटला तरी उठल्या नाहीत." बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सुमनअक्का. रत्नागिरीकडच्या पालीजवळच्या आमच्या गावात तिने जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही आणि निवृत्तीनंतर अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला दीड महिना झाला. मी रडले, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा राग जास्त आहे. तिने मला फसवलं.

तीन वर्षांपूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "उजवा खांदा फार दुखतो गो." आठवड्याने पुन्हा फोन. "दाखवला. आखडलाय म्हणाले, व्यायामाने सुटेल." माझाही खांदा एकदा असाच आखडून सुटला होता, त्यामुळे ठाण्यात बसून मी तिची डॉक्टरच झाले. गावी गेले की तिला भिंतीसमोर उभी करायची आणि बोटं वर वर चढवायला लावायची. छातीपर्यंत हात गेला की तिच्या कपाळावर घाम यायचा. "आज एवढंच," म्हणायची. "आळशी झालीस तू," मी म्हणायचे. आणि त्याच हाताने ती दिवसातून चार वेळा आईला कुशीवर वळवत होती, उचलून बसवत होती...

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर अक्काचा खांदा नारळाच्या वाटीएवढा सुजला, तेव्हा मीच तिला रत्नागिरीला, तिने आधी दाखवलं होतं त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात वर करायला सांगितला. तो जेमतेम वीतभर उचलला गेला. मग त्यांनी स्वतः तिचा हात धरून वर नेला, तर तो सहज गेला. आतून खरखर मलाही ऐकू आली. "आखडलेला खांदा दुसऱ्यालाही उचलता येत नाही," ते म्हणाले. "इथे उचलणारे स्नायूच तुटलेत." सुईने पाणी काढलं, ते लालसर निघालं. पू नाही, क्षय नाही, गाठ नाही, हे तपासण्यांतून कळायला काही दिवस गेले. एक्सरेत खांद्याचा गोळा झिजून वर सरकलेला होता. सांध्याचा पार चुरा झाला होता.

"आजी, तीन वर्षांपूर्वी आला होतात तेव्हाच मी वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि जुना एक्सरे त्यांनी शेजारी लावला.

मी अक्काकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

"आईला मग उचललं कोणी असतं?"

"मी आले असते."

"आली असतीस?"

तिने हे रागाने विचारलं नाही. वर्गात एखाद्या मुलीला विचारावं तसं, उत्तराची वाट बघत विचारलं. 'हो' म्हणायच्या ऐवजी मी भडकले. "मला विचारायचं तरी होतंस! परीक्षा न घेताच नापास केलंस मला."

"केलं खरं," ती म्हणाली. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला होता, तो तिने नाकारला. "आता कोणाला उचलायचंय?"

त्या दिवसापासून आम्ही नीट बोललो नाही. फोनवर पाऊसपाणी, तब्येत, एवढंच. मला वाटत होतं, वेळ आहे.

परवा घर आवरायला गेले. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या रिकाम्या होत्या. चहा-साखरेपासून पिठापर्यंत सगळे डबे भिंतीकडेने जमिनीवर मांडलेले. कपड्यांची दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली. आरसा खालच्या खिळ्याला. हे मी आधीही बघितलं होतं. तेव्हा "काय हा पसारा" म्हणत दर वेळी निघण्याआधी डबे पुसून पुन्हा वर लावून ठेवायचे.

सुलभा दारात उभी होती. म्हणाली, "तुमची गाडी वळली ना ताई, की बाई मला हाक मारीत, डबे खाली काढून द्यायला."