चालू यंत्र

जेलची बाटली ताई आधी दोन्ही तळहातांत धरून चोळायच्या. मग बेशुद्ध माणसाच्या डाव्या बरगड्यांवर जेल लावताना म्हणायच्या, "आण्णा, आता जरा दाबतीया हं." आण्णांना काही ऐकू येत नसायचं. तुम्ही तिथं असतात तर हसला असतात. मीही हसायचे.

ताई सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात सोनोग्राफी तंत्रज्ञ होत्या. मूळच्या मलकापूरच्या. अतिदक्षता विभागात मी एका नव्या उपचाराची चाचणी सुरू केली, तेव्हा हट्टानं त्यांनाच मागून घेतलं. जंतुसंसर्ग रक्तात भिनला की शरीराचाच दाह शरीरावर उलटतो, रक्तदाब कोसळतो. डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेवर बाहेरून ध्वनिलहरी दिल्या तर तो दाह उतरतो का, ते आम्हाला पाहायचं होतं. यंत्रं दोन, दिसायला एकसारखी. एक चालू, दुसऱ्यातून काहीच बाहेर पडत नसे. कुणाला कुठलं, ते चिठ्ठीनं ठरायचं; चिठ्ठी ताईच काढायच्या आणि लावलेल्या यंत्राचा क्रमांक वहीत लिहायच्या. कुठलं चालू, हे मलाही ठाऊक नव्हतं. नातेवाइकांना हे सगळं सांगूनच संमती घेतलेली असे, आणि नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळत.

मी जेवले नसले की ताई स्वतःचा डबा पुढं सरकवायच्या. "आधी खावा मॅडम. तुमी पडला तर आमी कुणाकडं बघायचं?"

निकाल आला. चालू यंत्राच्या गटातली माणसं जास्त बरी झाली होती. मी पळतच ताईंकडं गेले.

"व्हणारच की," त्या म्हणाल्या. "ज्यांची पोरं ल्हान हाईत, त्यास्नी मी चालूच लावत हुते."

"कुठलं चालू ते तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला कोमट लागतंय ते. चिठ्ठी कायबी म्हणंल. माणूस बघून नको का करायला?"

लहान मुलांचे आईबाप म्हणजे तरणी माणसं. ती तशीही जास्त तगतात. म्हातारी बंद यंत्राकडं गेली होती. मी ज्याला निकाल समजत होते, ती ताईंची निवड होती. इतके महिने आम्ही एका डब्यात जेवत होतो.

"मला एकदा सांगायचं तरी."

"तुमी करू दिलं नसतं."

ते खरंच होतं.

मी वरिष्ठांना कळवलं. चाचणी रद्द झाली, ताईंना काढलं. जायच्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मग मॅडम, त्या यंत्रानं गुण येतो का न्हाई?"

"आता नाही सांगता येणार."

"म्हंजे मी ज्यास्नी लावलं, ती त्यानं जगली का आपसूक, ते बी कळायचं न्हाई?"

"नाही."

"आन ज्या म्हाताऱ्यास्नी न्हाई लावलं, ती?"

ताई खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या आता कोरेगावात असतात म्हणे. चाचणी आम्ही पहिल्यापासून सुरू केली आहे. दोन्ही यंत्रं आता सारखीच कोमट होतात. नवा तंत्रज्ञ सरळ माणूस आहे. तरी तो यंत्र उचलतो तेव्हा मी हातातलं काम टाकून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते.