कढईचं वजन विचारणारी सून

आमच्या किमचू आत्याचा विश्वास फक्त दोन गोष्टींवर: तिच्या कढईवर आणि कढईखालच्या विस्तवावर. त्यातही विस्तवाकडे ती अधूनमधून वाकून बघायची. बाजारातला मासा घरी आणून पुन्हा हाताने तोलायची. शेजारणीने दिलेलं मुळ्याचं लोणचं आधी मला खाऊ घालायची. मी ठणठणीत दिसलो की मग स्वतः.

कढईला आम्ही च्वानचौकडचे डोंगरी लोक तिआँ म्हणतो. बाकी देश या शब्दाचं चिनी चित्राक्षर संग्रहालयात, काचेमागच्या भांड्याखाली वाचतो. शाळेत गुरुजींनी त्याचं जुनं रूप फळ्यावर काढलं होतं: वर दोन कान, मध्ये पोट, खाली पाय. पितरांचा नैवेद्य शिजवायचं काशाचं भांडं. पुढे राजाकडे अशी नऊ भांडी आली आणि ज्याची भांडी त्याचं राज्य, असं होऊन बसलं. मग अक्षराच्या रेघा चौकोनी झाल्या, आमच्या भांड्याचे पाय गेले, पोट आणि कान तेवढे चुलीवर राहिले.

आत्या शाळेत गेली नव्हती. पण देवळापुढच्या कठपुतळ्यांच्या खेळात तिने दक्षिणेचा एक राजा पाहिला होता. तो सैन्य घेऊन सीमेवर येतो आणि बड्या राजाच्या दूताला अगदी सहज विचारतो, "तुमच्या त्या भांड्यांचं वजन किती हो?"

तर लग्नानंतर रीतीप्रमाणे नवी सून बिलान पहिल्यांदा चुलीपाशी आली आणि म्हणाली, "आई, ही कढई किती जड असेल हो?"

आत्याचा झारा हवेतच थांबला.

संध्याकाळी तिने मला परसात ओढलं. "त्या राजाला काय भांडी मोडीत घालायची होती? राज्य हवं होतं मेल्याला! ही माझ्या आलिओंगला घेऊन चूल वेगळी मांडणार बघ."

"आत्या, कढई आहे ती, सिंहासन नव्हे."

"तू गप. तुझं लग्न झालं की कळेल. झालंच तर."

आमच्याकडे चूल वेगळी झाली की एका छपराखाली दोन घरं होतात. आत्या विधवा, आलिओंग एकुलता एक. रताळ्याची पेज तिला एकटीने ओरपावी लागली असती. म्हणून बाजाराच्या दिवशी ती सुनेच्या मागोमाग गेली. बिलान लोखंडाच्या दुकानात एकेक कढई उचलून बघत होती.

घरी येताच आत्याने काजळी खरवडायच्या निमित्ताने आपली कढई अंगणात पालथी घातली.

"उचल. वजन हवं होतं ना?"

बिलानने जोर लावला. कढई एका बाजूने उठली आणि परत बसली.

"दुकानातल्या बऱ्या उचलल्यास! कुठली घेतलीस वेगळ्या चुलीला?"

"कुठलीच नाही. सगळ्या पातळ. मासा करपला असता."

"म्हणजे घ्यायची होती!"

"होती," बिलान म्हणाली. "झाऱ्याला हात लावला की तुम्ही चोर पकडल्यासारखं बघता."

"मग का नाही घेतलीस?"

"तुम्ही एकट्या जेवलात, तर मीठ जास्त झालं म्हणून बोलणार कुणाला? धरा आता तो कान. भूक लागलीय."

आत्याने कान धरला.

तेव्हापासून कढई दोघी मिळून उचलतात. चुलीवर ठेवल्यावर मात्र आधी कान सोडायला कोणीच तयार नसते. पेज थोडी उशिराच होते.