अस्वलघराचा उलटा जिना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. उगाच हळहळू नका, मला चीड येते त्याची.

रत्नागिरीत आमचा हौशी चित्रकारांचा एक गट आहे, रविवारी जमणारा. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून तिथंही सगळे मला गुरुजी म्हणत — आणि मला ते फार आवडायचं. माझा विषय ठरलेला, मुंबईतल्या जुन्या प्राणिसंग्रहालयाच्या इमारती. दगडी हत्तीखाना, कमानींचं अस्वलघर, असलं सगळं. तिथं जाऊन, जागेवर बसून काढतो असं मी ऐटीत सांगायचो. कसलं जागेवर! फोटोवर बटर पेपर ठेवायचा, रेघा गिरवायच्या आणि चित्राच्या कागदावर उतरवायच्या. बस.

मग सुदाम आला. त्याच प्राणिसंग्रहालयात त्याने उभी हयात सफाई कामगार म्हणून काढलेली. बायकामुलं गावीच असायची; निवृत्त होऊन तोही आरे-वारेच्या किनाऱ्याअलीकडे आपल्या बौद्धवाडीत राहायला आला होता. फोटो नाही, काही नाही — सगळं आठवणीतून काढायचा. पिंजऱ्याची गंजकी बिजागरी, पिंजरा धुतल्यावर पाणी जायची मोरी, सगळं. ना कुठं शिकला, ना कुणी शिकवलं, आणि त्याची रेघ माझ्यापेक्षा जिवंत! माझ्या मस्तकातच गेली ती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही चित्रं टांगत होतो. तो माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "गुर्जी, अस्वलघराचा जिना डाव्या हाताला हाय. रोज झाडलाय मी तो. गुपचूप बदला, कुणाला कळायचं नाय."

तो मला सांभाळून घेत होता — कळतंय ना तुम्हाला?

घरी जाऊन बघितलं. फोटोत जिना डावीकडेच होता. उतरवताना बटर पेपर पालथा पडला होता, म्हणून माझ्या चित्रात तो उजवीकडे गेला. जागेवर बसून काढणाऱ्याची अशी चूक होईल का? आणि त्याचंही अस्वलघर शेजारच्याच भिंतीवर! कुणीतरी विचारणारच होतं, यातलं खरं कुठलं?

सकाळी मी आयोजकांना गाठलं. म्हणालो, सुदामने माझ्या चित्राची नक्कल केलीय. चोरी पकडली जाऊ नये म्हणून जिना तेवढा दुसऱ्या बाजूला काढलाय.

एकानेही शहानिशा केली नाही. का करतील? एकीकडे गुरुजी, दुसरीकडे झाडूवाला, तोही त्या वाडीतला. लोकांना काय पटेल ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर बोललो! घाबरून तोंडातून निघून गेलं असं म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल.

त्याला चित्रं उतरवायला सांगितली. सगळ्यांदेखत तो माझ्याकडे वळला. "गुर्जी, तुम्ही तरी सांगा ना."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्या जिन्याबद्दल तो तिथं अवाक्षर बोलला नाही. त्याचा तो चांगुलपणा मला अजून सहन होत नाही — रागच येतो. पुन्हा तो गटात आला नाही. पेन्सिलही हातात धरली नाही म्हणे.

गेल्या वर्षी तो वारला. पुण्यानुमोदनाला मी गेलो. न जाऊन कसं चालेल, गुरुजी ना मी? चार लोक त्याच्याबद्दल बोलले, मग माझ्याही हातात माइक दिला. खरं सांगायला याहून सोपी जागा कुठली होती? मी म्हणालो, सुदामला चित्रांची आवड होती. आवड! आणि खाली बसलो.

निघताना त्याची मुलगी मागून आली. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेली. हात जोडून म्हणाली, "गुरुजी, बाबांनी तेव्हा तुमची नक्कल केली, त्याची मला फार लाज वाटते. त्यांच्या वतीने माफी मागते. शेवटपर्यंत नाही नाहीच म्हणत राहिले ते. पण तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे गं. माफ केलं मी त्याला."