कडी कुत्र्याने काढली नव्हती

पेठ नाक्यावरून गाडी वळवली आणि मागून हिचा आवाज आला, "अहो, रेडिओ बंद करा, रेडिओ!"

मी बंद केला. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या उबवणी यंत्रातून बारीक टक्‌टक्‌ येत होती. मग अगदी पुसट चिवचिव. अंड्याच्या आतून! यंत्राच्या झाकणातून डोकावून ही ओरडलीच, "एकाला भोक पडलंय हो! चोच दिसतेय!"

माझ्या शेजारच्या सीटखाली इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जळत होता. गाडीच्या बॅटरीतला बारा व्होल्टचा प्रवाह घरातल्यासारखा दोनशे तीस व्होल्टचा करून देणारा हा लहानसा डबा. तो मी या वयात स्वतः गाडीत बसवला होता, आणि त्याच्या जिवावर मागे पिलं जन्माला येत होती. सातपूरच्या कारखान्यात पहिलं पॅनल चालू केलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

पण पुढे जाण्याआधी मागचं नीट करायला हवं. दोन वर्षांपूर्वी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात मी पेठच्या सहलीवर लिहिलं होतं. त्यात खुराड्याची कडी काढायला शिकलेल्या कुत्र्याचा किस्सा होता. माझा कारखान्यातला जुना सोबती देवराम निवृत्तीनंतर पेठजवळच्या आपल्या पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) राहायला गेला. त्याच्या शेजारच्या जनाबाईंचा कुत्रा काळू याने म्हणे रात्रीत कडी काढून देवरामच्या सगळ्या कोंबड्या फस्त केल्या. तुम्हांला तो किस्सा फार आवडला. बागेत भेटलं की कोणी ना कोणी विचारायचं, "काय, कुत्रा आता कुलूप उघडतो का?" आणि मीही हसायचो.

कुत्र्याने कडी काढली नव्हती. मी काढली होती. संध्याकाळी कोंबड्या बघायला म्हणून खुराडं उघडलं, तेवढ्यात चहाला हाक आली आणि कडी न लावता मी गेलो. सकाळी अंगणभर पिसं. रात्री रानमांजर आलं की आणखी कोणी, देव जाणे. देवराम शपथेवर सांगत राहिला की कडी त्याने लावली होती. काळू पिसांजवळ बसलेला दिसला, आणि मी गप्प राहिलो. पाड्यावर इतकी बोलणी झाली की जनाबाईंच्या मुलाने काळूला टेम्पोत घालून हरसूलकडे सोडून दिलं. एका अंगणातल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. आणि मी त्यावर विनोदी लेख लिहिला.

मागच्या महिन्यात देवरामचा फोन आला. नातीचा साखरपुडा ठरला होता. "सगळा पाडा जेवायला हाय," तो म्हणाला.

"जनाबाई?"

"त्यांचं घर सोडून."

त्या दिवशी मी हिला खरं सांगून टाकलं. हिने चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दोन वर्षं त्या मुक्या जिवाचं नाव घेऊन हसलात? चला. साखरपुड्याच्या आधी तिथे जाऊन सांगायचं. त्या बाईला आमंत्रण गेलंच पाहिजे."

रिकाम्या हाताने जाववेना. देवरामने पूर्वी आम्हांला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या दिल्या होत्या. त्याच्या त्या ठिपकेदार वाणाच्या तेवढ्याच आता उरल्यात, आमच्या गच्चीवर. त्या द्यायला ही तयार नव्हती आणि त्या स्वतः खुडूक (अंड्यांवर बसणाऱ्या) होईनात. म्हणून यंत्र आणलं, अंडी लावली, आणि लक्षात आलं की पिलं नेमकी साखरपुड्याच्या सुमारास बाहेर येणार. गच्चीवर दाणे टाकायला शेजारी कबूल झाले, पण जन्माला येणाऱ्या पिलांची जबाबदारी कोणी घेईना. आता दोनच मार्ग होते. न जाण्याचं कारण सांगायचं किंवा यंत्र चालू ठेवून सोबत न्यायचं. कारणं मी दोन वर्षं सांगत आलो होतो.

आधी मी इन्व्हर्टर डॅशबोर्डवरच्या सॉकेटात लावून पाहिला. थोड्या वेळाने प्लग इतका तापला की प्लास्टिकचा वास सुटला. मग गाठलं द्वारका चौकाजवळचं इक्बालभाईंचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. त्यांनी तो प्लग हुंगला आणि म्हणाले, "चाचा, ह्या सॉकेटात फोन चार्ज करा. कोंबड्या नका उबवू."

"मग सरळ बॅटरीवरून घेऊ. मीही इलेक्ट्रिकलचाच आहे."

"मग तर जास्त वेळ लागणार," ते म्हणाले आणि आम्ही दोघेही हसलो.

मजा आली. जाड लाल वायर बॅटरीच्या धन टोकावरून घेतली आणि टोकाजवळच फ्यूज बसवला. वायर पुढे कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज जावा, गाडी पेटू नये. इंजिन आणि आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात रबरी कडं घातलं, त्यातून वायर आत ओढली, गालिच्याखालून सीटपर्यंत नेली. परतीची काळी वायरही थेट बॅटरीपर्यंत नेऊ, असं इक्बालभाईंचं म्हणणं. माझं म्हणणं, बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलंच असतं की, सीटच्या बोल्टला जोडू.

"जोडा. पण रंग खरवडून जोडा," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. पाना हातात आला की मला धीर धरवत नाही. मी बोल्ट आवळला, यंत्र लावलं, दिवा हिरवा झाला, आणि रंगाचं राहून गेलं.

ते कळलं सावळघाटात.

रामशेज किल्ल्याचा कातळ मागे पडला होता. कापलेल्या भातखाचरांवर सकाळचं ऊन पसरलं होतं आणि हवेत बोचरी थंडी होती. मागून हिच्या बातम्या चालू होत्या, "दुसऱ्यालाही भोक पडलं! पहिल्याने डोकं काढलं!" घाटातल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि सीटखालून पीं पीं पीं सुरू झालं. हिरव्याचा तांबडा दिवा. यंत्रातला बल्ब विझला.

गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू होतं, बॅटरी ठणठणीत होती, फ्यूज शाबूत होता. ही आपली शाल यंत्राभोवती गुंडाळून त्याला कवटाळून बसली. "काहीतरी करा हो. अर्धवट बाहेर आलंय ते. थंडीने आकसेल."

गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या दोन बाया थांबल्या.

"काय झाला, बाबा? गाडी बंद पडली?"

"गाडी नाही. कोंबडीचं यंत्र बंद पडलं."

एकीने आत डोकावलं. शाल पांघरलेलं यंत्र आणि त्याला मिठी मारून बसलेली ही. "कोंबडी तर ही बसलीय ना खुडूक!" ती म्हणाली आणि दोघी अशा हसल्या की भारे कलले. हीसुद्धा हसली, पण मिठी सोडली नाही.

मी काळी वायर हलवली. पीं थांबलं. सोडली, पुन्हा सुरू. तिथे मला इक्बालभाई आठवले. बोल्टखाली जाड रंग तसाच होता, आणि हादऱ्याने संपर्क सुटत होता. इन्व्हर्टर बंद केला, फ्यूज काढला, बोल्ट सोडवला. रंग कशाने खरवडायचा? हिने साखरपुड्याला म्हणून पपया घेतल्या होत्या, त्यांच्यासोबतची सुरी घेतली. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडलं, बोल्ट पिळून आवळला, फ्यूज बसवला. हिरवा दिवा! बल्ब लागला आणि बाया टाळ्या वाजवून निघाल्या.

करंजाळी येण्याआधी पहिलं पिलू पूर्ण बाहेर आलं. ओलं, चिकट, काळपट. "अगदी तुमच्यासारखं दिसतंय," ही म्हणाली.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार होत होती. देवराम मांडवाचे खांब रोवत होता. यंत्र घरात नेऊन लावलं, आणि सगळं घर त्यावर वाकलेलं असताना मी देवरामला खुराड्याकडे नेलं. खुराड्यात आता लाकडं भरली होती. मी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

देवरामचा चेहरा उजळला. मला अंदाजच नव्हता याचा. "म्हणजे मी कडी लावली होती!" तो म्हणाला. "वसंता, मी लावली होती! पोरं म्हणायची, बाबा विसराया लागला. मलापण वाटाया लागलं होतं." त्याने दारातून सुनेला ओरडून सांगितलं, "ऐकलं का गं? कडी मी लावली होती!"

आणि मग तो एकदम थांबला. समोर जनाबाईंचं दार होतं.

"त्यांना बोलवाया आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?" तो हळू म्हणाला. "तू जा."

जनाबाई ओट्यावर नागली (नाचणी) पाखडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सूप थांबलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या पोरानं सोडला त्याला. पोरगा परत आला तो रडत आला. जेवला नाय दोन दिस."

"चुकलं माझं."

"इथं मला एकटीला सांगून काय होणार? कुत्र्याचं नाव चारचौघांत गेलं. माझ्या घराचंही गेलं. ते सांग चारचौघांत, मग बघू."

देवराम संध्याकाळी आमंत्रणाचा नारळ घेऊन गेला. त्यांनी नारळ घेतला, पण येते म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळच्या जेवणात नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा खर्डा. इतकी चविष्ट डाळ मी शहरात खाल्लेली नाही. तरी कानात जनाबाईंचेच शब्द होते. चारचौघांत बोलायचं तर मला संघाच्या सभेतही घाम फुटतो.

सकाळी बहुतेक पिलं सुकून मऊ झाली होती. देवरामच्या सुनेने ती टोपलीत घालून चुलीच्या उबेला ठेवली. पाहुणे आले, मांडव भरला, आणि नेमकी वीज गेली. भाड्याने आणलेला माइक गप्प झाला. मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सगळे हळहळले, आणि मी मात्र उठून पळालोच! गाडी मांडवाला टेकवली, इंजिन चालू ठेवलं, माइकची पिन इन्व्हर्टरमध्ये घातली. स्पीकर एकदा शिटी मारून बोलू लागला आणि लोकांनी गलका केला. मी गाडीला टेकून ऐटीत उभा राहिलो.

"यंत्र तुझंच हाय ना, बाबा?" मागून आवाज आला. जनाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. "मग तूच बोल त्याच्यावर पहिला."

देवरामने माइक माझ्या हातात दिला.

मी बोललो. माझा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं. खुराडं मी उघडं ठेवलं. काळूला कडी काढता येत नव्हती. देवराम काही विसरला नव्हता. जनाबाईंच्या घराचा काही दोष नव्हता. आणि मी हे माहीत असून दोन वर्षं गप्प बसलो, वर हसण्यावारी नेलं.

मग पुढे बसलेले एक म्हातारबुवा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे कुत्र्याला कडी काढता येत नव्हती?"

"नव्हती."

"मी तेव्हाच सांगत होतो!"

"कधी सांगितलं हो तुम्ही? तुम्हीच तर म्हणाला होता, लय हुशार कुत्रा हाय!" कोणीतरी ओरडलं, आणि मांडवात हशा उसळला. त्या हशातच जनाबाई अंगण ओलांडून आल्या. देवरामने स्वतः उठून त्यांना पुढची खुर्ची दिली. नवरीला सगळ्यांत आधी त्यांनी ओवाळलं. मी इन्व्हर्टरवर नजर ठेवून उभा होतो, कारण दुसरीकडे बघणं मला कठीण जात होतं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. यंत्र पाड्यावरच ठेवलं. दोन अंडी उशीर करत होती. पिलांची वाटणी दोन्ही घरांत कशी करायची, यावर देवराम आणि जनाबाई यांचा वाद चालला होता, आणि तो ऐकायला फार गोड वाटत होता. माझ्याशी मात्र जनाबाई त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना त्या आल्या आणि गाडीच्या खिडकीतून नागलीच्या पिठाची पुरचुंडी हिच्या मांडीवर ठेवून गेल्या.

घाट उतरताना माझ्या मनात येत होतं की खरं बोलल्याने दोन घरं बोलू लागली, पण हरसूलच्या बाजूला गेलेला कुत्रा काही त्याने परत येत नाही. मी दोन वर्षं वेळ घालवला, तो त्या कुत्र्याचा वेळ होता. मित्रांनो, तो किस्सा यापुढे सांगू नका. सांगितलाच तर कडी कोणी काढली, ते नावासकट सांगा.

"हे पीठ मला दिलंय बरं का," ही मागून म्हणाली. आता तिथे यंत्र नसल्याने ती ऐसपैस बसली होती. "तुम्हांला नाही."

"भाकरी तरी मिळेल ना?"

"बघू," ती म्हणाली, अगदी जनाबाईंसारखी.