मावशीनं फोन ठेवला

माझ्या नांदुऱ्याच्या मावशीइतकं संशयी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं नाही, आणि असतं तर त्या दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवण्यातच जन्म काढला असता. टेलिफोन ऑफिसात लाइन जोडून देण्यात तिची सगळी नोकरी झाली, त्यामुळे माणसाच्या तोंडापेक्षा आवाजावर तिचा जास्त भरवसा. गॅसवाल्याला ती दाराआडून तीन प्रश्न विचारते. काकांनी ‘मी आहे’ म्हणून कडी वाजवली तरी ‘मी म्हंजे कोन?’ असं विचारल्याशिवाय दार उघडत नाही.

अशा बाईनं मोबाइलवर एका कंपनीच्या ॲपमधून थोडं क्रिप्टो घेतलं होतं. ‘समजल्याबिगर नावं कशी ठेवू बे?’ हे तिचं म्हणणं. माझं मात्र घरासाठी साठवलेलं बरंचसं त्याच कंपनीत होतं. मी तिच्याकडे गेलेलो असतानाच बातमी आली, की कंपनीतून ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर चोरीला गेले.

दुसऱ्याच सकाळी फोन आला, मी तो स्पीकरवर घेतला. पलीकडचा माणूस अगदी अदबशीर. माझं नाव, पत्ता, ईमेल, सगळं त्यानंच सांगितलं. ‘सर, तुमचं खातं आत्ता कोणीतरी रिकामं करतंय. आलेला ओटीपी सांगा, मी थांबवतो.’ मी मेसेज उघडला. पहिले दोन आकडे ओठांवर आले आणि शेजारी मेथी निवडणाऱ्या मावशीनं फोन हिसकावला.

‘तुमी ठेवा. कंपनीले आमीच विचारतो.’

‘मॅडम, प्लीज फोन ठेवू नका!’

‘ठेवू नका म्हनते, म्हंजे चोरच हाये,’ असं मला सांगून तिनं फोन ठेवला. ‘काऊन बे, इंजिनेर ना तू? चोरीले गेलेलं नाव त्यानं वाचून दाखवलं अन् तुले वाटलं वळखीचा हाये!’

मग मेथी बाजूला सारून तिनं मला समोर बसवलं. कुठल्याही लिंकला बोट लावायचं नाही, ॲप आपलं आपणच उघडायचं. आधी ईमेलचा पासवर्ड बदल, मग खात्याचा, आणि दोन्ही वेगळे. मेसेजवर येणारा कोड बंद करून कोड देणारं वेगळं ॲप जोड. बाकी सगळ्या मोबाइलवरून खातं बाहेर काढ. पैसे बाहेर जायला कुलूप लाव. शेवटी तिनं ॲपमधूनच कंपनीला कळवायला लावलं. दुपारी उत्तर आलं: सकाळी कोणीतरी दोनदा आत शिरू पाहत होतं, जमलं नाही, सगळं जागच्या जागी आहे.

मावशीनं त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी तोच आवाज तिच्याच मोबाइलवर आला, तेव्हा ‘लाइनवर राहा’ म्हणून तिनं त्याला पाऊण तास ताटकळत ठेवलं, आणि भाजी फोडणीला टाकून, चार पोळ्या लाटून मग म्हणाली, ‘वळखला तुले. सकाळी बी तूच होता.’

आता मी पुण्याहून फोन केला तरी ती आधी खात्री करून घेते. ‘तुही माय मले काय म्हनून हाक मारे, सांग.’

‘छबे,’ मी म्हणतो.

आईला जाऊन चार वर्षं झाली. एकदा मी म्हटलं, ‘मावशी, तोच तो प्रश्न नको, बदल आता.’

‘बाकी सारं बदलू,’ ती म्हणाली, ‘हा नाई.’ आणि मग, ‘अजून एकडाव म्हन बरं.’