आकडा घसरला की घाबरणाऱ्या अक्का

अवकाशात उपग्रहाला धडक बसायची शक्यता कमी झाली की सारं ऑफिस सुटकेचा निःश्वास टाकायचं आणि प्रमिलाअक्का घाबरायच्या. मी पुण्याहून कन्नड मुलखात, इंदिरानगरातल्या एका उपग्रहांच्या कंपनीत नवाच आलो होतो. कक्षेचं गणित चुटकीसरशी सोडवणाऱ्या या बाईंचं काळीज देवानं उलटं बसवलंय की काय, असं मला वाटे.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या आनेकलचं. "आमच्या घरात साप शिरलेला," त्या एकदा म्हणाल्या. "न्हाणीत दिसला, सगळे बाहेर पळाले. मग दिसेना. माळ्यावर, चुलीमागं, कुठंही असेल. म्हणजे न्हाणीत असायची शक्यता कमीच झाली की! म्हणून तू आंघोळीला जाशील काय रे?"

मी हसलो. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

एका जुन्या रॉकेटचा तुकडा आमच्या उपग्रहाच्या वाटेवर येत होता. ऐन वेळी रडारची ताजी मोजमापं आलीच नाहीत. तुकडा कुठं असेल याचा अंदाज पसरत गेला, आणि तो जितका पसरला तितका धडकेच्या शक्यतेचा आकडा घसरला.

"सरी, ठीक आहे, टळलं," आमचे साहेब म्हणाले. "उगीच इंधन जाळायचं नाही."

"टळलं नाही, साहेब. आपल्याला दिसेनासं झालंय. उपग्रह स्वल्प बाजूला सरकवू या, हात जोडते."

साहेब बधले नाहीत. धडकेची वेळ टळून गेली, आणि उपग्रहाचा संदेश यायची वाट बघत आम्ही बसलो. पडदा कोराच होता. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती. मग एकदाचा संदेश आला.

टाळ्या पडल्या. "बघा अक्का, आकडाच खरा निघाला!" साहेब म्हणाले.

अक्का मटकन खुर्चीत बसल्या. "आपण वाचलो," त्या पुटपुटल्या, "पण बरोबर नव्हतो." माझ्याशिवाय कुणी ते ऐकलं नाही. पुढं आकडा घसरला की निर्धास्त व्हायचं, असा रिवाजच पडला. काही महिन्यांनी अक्कांनी नोकरी सोडली. "रागानं नाही रे जात," त्या म्हणाल्या. "भीतीनं जाते. ही भीती एकटीला पेलेना झालीय."

त्यांच्या जागेवर आता मी बसतो. परवा पुन्हा मोजमापं आली नाहीत, आकडा घसरला. "सरी ना?" साहेबांनी हसत विचारलं. सगळेच हसत माझ्याकडे बघत होते. मला अक्कांच्या न्हाणीतला साप आठवला.

"नाही," मी म्हणालो. सगळ्यांचं हसणं थांबलं, आणि मला आणखीच भीती वाटली.