सरकीत माईक नव्हता

फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो. संध्यावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले..." छातीत दुखतं म्हणून खाली बसला, तो दीपक पुन्हा उठला नाही. टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं नाचायचं संगीत, ऐकणाऱ्या पोरांना तो 'सरकी'वाला म्हणून ठाऊक. माझ्यासाठी तो कॉलेजात बाकावर बोटं बडवून मास्तरांच्या शिव्या खाणारा दिप्याच. हे मी शांत मनानं लिहीत नाहीये. शोकसभेला काही आठवडे उलटले, तरी तोंडातली कडू चव गेलेली नाही.

अकोल्याबाहेरची, कापसातून सरकी वेगळी काढणारी एक बंद जिनिंग त्यानं भाड्यानं घेतली. 'सरकी' हे आधी क्लबचं नाव, मग रेकॉर्ड काढणाऱ्या लेबलचंही. पहिल्या दिवशी मंडपवाल्यानं सवयीनं खुर्च्या मांडल्या आणि सगळं पब्लिक शिस्तीत त्यावर बसलं! संगीत सुरू होऊन बराच वेळ झाला, तरी लोक आपले हारतुऱ्यांची वाट पाहत होते. शेवटी पहिल्या रांगेतले नगरसेवक उठून दीपककडे गेले.

"माईक कुठी हाय?"

"माईक नाई."

"मंग कार्यक्रम सुरू झाला हे लोकायले कयन कसं?"

"पायाले कयते भाऊ. फक्त खुर्च्या उचला."

खुर्च्या उचलल्या, लोक नाचले. नगरसेवक तणतणत गेले आणि आवाजाची तक्रार करून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दीपकनं संगीत वाजवायच्या मिक्सरचं माईक लावायचं भोक, सुतार भेगा बुजवायला वापरतात त्या लांबीचा गोळा भरून बुजवलं आणि वरून अंगठा दाबला. सरकीत बोलायचं नाही, हा नियम. रेकॉर्डवरही माणसाचा आवाज नाही. पहिल्या रेकॉर्डवर तर त्यानं जिनिंगच्या जुन्या मशीनचीच धडधड घेतली. ती ऐकून परदेशातले वाजवणारे अकोल्याला येऊ लागले... आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचा भागीदार. तो मुलाखतींतून 'माझी कल्पना' म्हणत फिरायचा. मी चिडलो की दीपक हसायचा. "बोलू दे त्याले. सरकीत तं बोलता येत नाई ना?"

शोकसभा तिथंच झाली. खुर्च्या मांडल्या, व्यासपीठ बांधलं, आणि माईक होता. तक्रार करणारे तेच नगरसेवक 'आमच्या अकोल्याचा हिरा' म्हणून गहिवरले. भागीदारानं तर 'मी पाहिलेलं स्वप्न दीपकनं राबवलं' असं सांगून टाळ्या घेतल्या. शोकसभेत टाळ्या! मला किळस आली, याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाही. पुढच्या महिन्यात सरकी नव्यानं उघडणार, दर वेळी आधी भाषणं आणि सत्कार होणार, असंही त्यानं तिथंच जाहीर केलं.

लोक पांगल्यावर वहिनी मिक्सरपाशी उभ्या दिसल्या.

"भाऊ, हे भोक कोनं उकरलं?"

माईक लावायला कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं लांबी खरवडून काढली होती. गोळा टेबलाखाली पडला होता, वर दीपकच्या अंगठ्याचा ठसा तसाच. मी तो उचलून खिशात टाकला. भागीदार सांत्वन करायला आला, तेव्हा वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं, "जागेचा करार यायनं माया नावावर केला हाय. अठी माईक लागनार नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कणीक मळावी तशी नवी लांबी मळली आणि भोकावर अंगठ्यानं दाबून धरली. आता सरकीत त्यांचा अंगठा आहे. दीपकचा माझ्या टेबलावर आहे. हा लेख वाचून 'दोन शब्द बोला' म्हणणारे फोन येतील... तेव्हा मी त्या ठशावर बोट ठेवून गप्प बसणार आहे.